खुर्चीमागचं दीड किलो

“कुलकर्णीजी, आपका काँटा झूठ बोल रहा है.”

डायलिसिस युनिटच्या शबाना सिस्टरांचा फोन. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा हीच तक्रार. ओतलेला चहा तसाच ठेवून मी जिना चढलो. लिफ्ट बंद होती, आणि ती माझ्या खात्यात येत नाही हे आमच्या हॉस्पिटलात अजून कुणालाही पटलेलं नाही.

मी बायोमेडिकल इंजिनिअर. पेशंटला लागणारं आणि वायर असलेलं काहीही बिघडलं की मला बोलावतात. नाही बिघडलं तरी मलाच बोलावतात. रिटायरमेंट जवळ आली की माणूस शांत होतो म्हणे. माझा तसा अनुभव नाही.

हा काटा म्हणजे जमिनीलगत बसवलेला रुंद प्लॅटफॉर्म. उतारावरून पेशंटसकट व्हीलचेअर वर चढवायची, आकडा बघायचा आणि त्यातून रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करायचं. डायलिसिसमध्ये सगळी भिस्त या आकड्यावर. किडन्या बंद पडल्या की पाणी अंगात साठतं. जादा पाणी नसताना पेशंटचं जे वजन असायला हवं, ते डॉक्टरांनी ठरवून ठेवलेलं असतं. आजचं वजन त्याहून जितकं जास्त, तितकं पाणी मशीन काढून घेतं. आकडा जास्त आला तर अंगातलं हक्काचं पाणीही जातं. मग बीपी खाली येतं, पायात गोळे येतात आणि भला मोठा माणूस ओरडायला लागतो.

खांडेकर काका दोनदा ओरडले होते. शहराजवळच्या मंडीदीपमधल्या एका कारखान्यात फोरमन होते ते. डायबेटिसने आधी डावा पाय गेला, मग किडन्या. आवाज मात्र शाबूत होता.

“बस हो गया सिस्टर, अब मैं नहीं आऊँगा,” ते सांगत होते. मला बघून मराठीवर आले. “कुलकर्णी, मरायचंच असेल तर घरी मरतो. इथे येऊन छळ कशाला?”

“असं बोलू नये हो,” खुर्चीमागून काकू म्हणाल्या. हँडल घट्ट धरून त्या उभ्या होत्या. डायलिसिस सोडलं की काय होतं, हे त्या खोलीत कुणालाही सांगावं लागत नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. “पिछली बार मशीन ने तीन लिटर निकाला. काँटा बोल रहा है साढ़े चार किलो गया. बाकी डेढ़ किलो कहाँ गया? नया मँगवाओ.”

“सर, परचेसला सांगावं लागेल.”

ते गप्प झाले. परचेसचं नाव काढलं की आमच्याकडे सगळेच गप्प होतात.

मी तपासणीची प्रमाणित वजनं आणली. आधी मधोमध ठेवली, मग चारही कोपऱ्यांत. आकडा बरोबर. प्लॅटफॉर्म भिंतीला घासतोय का, चाक उतारावर राहतंय का, तेही पाहिलं. सगळं ठीक. काकांना बेडवर घेऊन त्यांची रिकामी खुर्ची तोलली. तीही लिहिल्याप्रमाणेच. शेवटी मी स्वतः उभा राहिलो. घरच्या काट्यावर जो आकडा मला आवडत नाही, तोच इथेही आला. बाकीच्या पेशंटांची वजनंही जुळत होती. न जुळणारे एकटे खांडेकर काका. मशीन न बिघडता तक्रार येणं मला सवयीचं आहे, पण इथे माणसाला खरंच त्रास होत होता. म्हणजे चूक कुठेतरी होतीच, आणि मला ती सापडत नव्हती. मी वैतागलो.

म्हटलं, काटा पुरे झाला. आता वजन कसं करतात ते बघू.

“काका, एकदा फक्त वजन करू. मग नाही यायचं तर नका येऊ.”

पेशंटांना अटेंडंट ढकलतात, पण आत येताना काकू काकांच्या खुर्चीला कुणाला हात लावू देत नसत. त्यांनीच खुर्ची वर चढवली, ब्रेक लावला आणि प्लॅटफॉर्मच्या मागे, जमिनीवर उभ्या राहिल्या. हात हँडलवरच. आकडा स्थिर झाला. सिस्टर तो लिहिणार, तेवढ्यात काकांच्या गळ्यातला मफलर घसरला. तो सारखा करायला काकूंनी एक हात काढला. आकडा खाली आला. मफलर बसला, हात परत हँडलवर गेला, आकडा वर.

“काकू, जरा दोन्ही हात सोडा.”

“सोडलेत की,” म्हणाल्या, पण सोडले नव्हते.

“काकू.”

त्यांनी हात सोडले आणि तोल जाऊन भिंत धरली. डिस्प्लेवर बरोबर दीड किलो कमी झालं होतं. डायलिसिस संपेपर्यंत त्या बाहेर बाकावर बसून असायच्या, आणि त्या उठून आत येईपर्यंत नंतरचं वजन अटेंडंट उरकून टाकायचा. ते वजन खरं यायचं. आधीच्या वजनात दर वेळी काकू असायच्या.

मला वाईट वाटलं. काटा निर्दोष निघाला म्हणून बरंही वाटलं. या नोकरीने माणूस असा होतो.

“काय झालं?” काका मान वळवायला बघत होते.

“काही नाही. गुडघे जरा धरतात,” काकू म्हणाल्या.

“कधीपासून?”

“खुर्ची आणली त्याच्या आधीपासून. खुर्ची आली आणि बरं झालं. धरून चालता येतं.”

“मला बोलली नाहीस!”

“बोलले असते तर तुम्ही इथे यायचं बंद केलं असतं.”

काका समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. “ही कायम माझ्या मागे,” ते मला म्हणाले. “मला दिसणार कसं?” मग जरा खालच्या आवाजात काकूंना म्हणाले, “मी नसलो तरी खुर्ची राहीलच ना तुला.”

“रिकाम्या खुर्चीवर भार टाकला की ती मागे उलटते,” काकू म्हणाल्या. “मी बघितलंय टाकून.”

सिस्टरांनी चष्मा पुसायला काढला. मीही उगाच काट्याची वायर तपासली.

“वजन लिखो सिस्टर,” काका म्हणाले. “सही वाला.”

त्या दिवशी काका ओरडले नाहीत. पुढच्या खेपेला आले, त्याच्या पुढच्या खेपेलाही. काकूंना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी हातात काठी दिली, ती काकूंना आवडत नाही.

काट्याजवळ मी एक स्टूल ठेवलं. मी ते मागे ठेवलं होतं, काकांनी ते समोर ठेवायला लावलं. वजन होईपर्यंत काकू तिथे बसतात आणि काका त्यांच्यावर नजर ठेवतात. ओपीडीवाले ते स्टूल वरचेवर पळवतात आणि मी ते परत आणतो. काट्याच्या मेंटेनन्समध्ये आता तेवढंच काम उरलंय.