मुकुट झाकू नका

देवाबद्दल काही ठामपणे लिहावं एवढी माझी श्रद्धाही नाही आणि एवढा अभ्यासही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भौतिकशास्त्र शिकते, आणि वर्गात शंका विचारताना अजून माझा हात अर्धाच वर जातो. हेही तसंच, बिचकत लिहिते आहे.

माझे वडील, आण्णा, सांगलीकडून दिल्लीला आले ते गलाईच्या कामासाठी. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, यावर आमचं घर चालतं. करोल बागेतल्या एका गल्लीत खाली भट्टीची खोली आणि वर आमची राहायची. त्या हिवाळ्यात आई गावी गेली होती आणि आण्णांचा खोकला फार वाढला होता. मी रोज देवापुढे दिवा लावायचे, पण सवयीनं. ऐकणारं कुणी आहे असं काही वाटत नव्हतं.

तेव्हाच पानिपतच्या बाजूच्या एका खेड्यातून, देवीच्या देवळातल्या म्हाताऱ्या पुजारीणबाई आल्या. त्यांनी पिशवीतून मुकुट काढला. चांदीचा, एका बाजूनं तडकलेला, समोर लाल खड्यांची ओळ आणि मधोमध बोराएवढा एक खडा. देवीला नवा मुकुट घडवायचा होता आणि याची चांदी त्यात जाणार होती. देवाचा दागिना आला की तो आधी आमच्या देव्हाऱ्यात राहतो, मगच भट्टीत जातो, असा आण्णांचा नेम. त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि लाल फडकं हातात घेतलं.

"ढकना मत, भैया," बाई म्हणाल्या. "ये देखती है."

"अच्छा माताजी, नहीं ढकेंगे." पण बाई गेल्या आणि आण्णांनी फडकं टाकलंच. मला म्हणाले, "चांदी अशी उघडी ठेवून चालतंय होय?"

दुसऱ्या दिवशी इतकं धुकं होतं की दुपार झाल्याचंही कळेना. आण्णा खाली दुसऱ्या कुणाची चांदी गाळत होते. मी वर अभ्यासाला बसले, पण लक्ष सारखं त्या फडक्याकडे. खरं सांगायचं तर तो मुकुट मला एकदा डोक्यावर ठेवून पाहायचा होता. मी फडकं काढलं, पण उचलायचा धीर झाला नाही. खोलीत कुठंही सरकले तरी मधला खडा माझ्याकडेच वळलेला असायचा. शेवटी मी त्याच्याकडे पाठ करून बसले, तर मानेवर नजर जाणवत राहिली.

मग वीज गेली. भट्टीचा धूर बाहेर ओढणाऱ्या खालच्या पंख्याची घरघर थांबली. बराच वेळ गेला असेल. एकाएकी माझ्या वहीवर लाल ठिपका उमटला, बोराएवढा. बाहेर ऊन नव्हतं. देव्हाऱ्यातला दिवा केव्हाच विझला होता. ठिपका वहीवरून भिंतीवर गेला आणि भिंतीवरून दाराकडे, सावकाश, कुणी चालत जावं तसा. मी मागोमाग गेले. का, ते सांगता येत नाही. जिना उतरून तो भट्टीच्या खोलीच्या बंद दारावर थांबला. मी दाराला हात लावला आणि तो नाहीसा झाला.

"आण्णा?"

मी दार ढकललं. थंडीमुळे खिडकी बंद होती, पंखा थांबलेला, कोळशाचा धूर आत कोंडलेला. आण्णा भट्टीशेजारी पडले होते, पक्कड अजून हातातच. माझी किंकाळी ऐकून शेजारचे चाचाजी धावत आले. दागिन्यांत खडे बसवायचं काम ते करतात. "पैर पकड़ बेटा, पैर!" आम्ही दोघांनी आण्णांना गल्लीत ओढून आणलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दार वेळेवर उघडलंत म्हणून हे वाचले.

घरी आल्यावर मी आण्णांना सगळं सांगितलं आणि हट्ट धरला, की हा मुकुट वितळवायचा नाही.

"खुळी हैस का? चांदी लोकांची हाय," ते म्हणाले. मग मुकुटाकडे पाहत म्हणाले, "आणि देवी चांदीतच असती, तर आजवर मी किती देव्या जाळल्या असत्या, पोरी?"

चाचाजी खडे काढायला आले. डोळ्याला भिंग लावून हसले. "काँच है, बेटा. पीछे की पन्नी तक काली पड़ चुकी है. ये क्या चमकेगा!" खडा स्वतः उजेड देत नाही, बाहेरून आलेलाच मागच्या चंदेरी कागदावरून परत पाठवतो, एवढं मी शिकले आहे. मग तो लाल ठिपका आला कुठून, हे मी अजून सरांना विचारलेलं नाही.

आण्णांच्या अंगात अजून ताकद नव्हती, म्हणून मुकुट मुशीत मीच ठेवला. तो आधी वाकला, मग कडेकडेनं पाणी होऊ लागला. मला वाटलं होतं मी रडेन. पण आत धरून ठेवलेलं काहीतरी त्याच्याबरोबर सैल होत गेलं.

चांदी न्यायला बाई आल्या तेव्हा घडलेलं ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. "इसीलिए तो बोला था." खड्यांच्या पुडीतून मोठा खडा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "रख ले. तेरा मन इसी में है."

माझी मूठ मिटली. थोड्या वेळानं मी ती उघडली आणि खडा पुडीत परत ठेवला. देवीची नजर मला मुठीत ठेवायची नव्हती.

अजूनही दुपारी वीज गेली की मी वही मिटते आणि भिंतीकडे पाहत बसते. काही दिसत नाही. खालून आण्णांचा खोकला ऐकू येतो, आणि मी हात जोडते.