काळ्या कापडातली बाटली

वसुधा गेल्याचं तिच्या भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आमच्या बाळकुमच्या सोसायटीच्या गच्चीवर वसुधाच्याच दोन बाटल्यांपाशी उभी होते. फोन ठेवला आणि एका बाटलीवरचं काळं कापड उगाचच नीट केलं. दीड महिना झाला... अजून रोज सकाळी तेच करते.

कल्याणच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, पुढे घरंही एकाच इमारतीत. यजमानांच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मी एकदा तिच्यादेखत बेसिनमध्ये सोडल्या, तेव्हा काय कडाडली! "अगं शुभा, कुठे जातं हे? खाडीत! तिथल्या जंतूंना औषधाची सवय झाली की उद्या तुझ्या नातवाला तेच औषध लागू पडणार नाही." मी दोन दिवस गाल फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी डब्यातली अळूवडी पुढे करून ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. खिडकीत औषध मिसळलेल्या पाण्याची बाटली होती आणि तळाशी चिमूटभर पांढरी पूड. ऊन पडलं की ही पूड जागी होते आणि पाण्यातल्या औषधाचे तुकडे पाडते, असं तिने समजावलं. मला कळलं ते एवढंच, पण तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

पुढे कॉलेजच्या विज्ञान दिनाला तिने जाहीर केलं, औषध पाण्यातून नाहीसं झालं! टाळ्या, हार, प्राचार्यांचं कौतुक, सगळं झालं. मग तिला शंका आली. तसंच पाणी आणि तीच पूड तिने दुसऱ्या बाटलीत घेतली आणि बाटली छत्रीच्या काळ्या कापडात गुंडाळून ठेवली. अंधारातल्या पाण्यातलंही औषध तितकंच कमी झालं. म्हणजे ते तुटलं नव्हतंच, नुसतं पुडीला चिकटून बसलं होतं. पुढच्याच सभेत ती उठली आणि म्हणाली, "माझं चुकलं. ते हार परत घ्या." निवृत्ती तोंडावर आलेली असताना कोण असं करतं? मी चिडलेच होते तिच्यावर. आज वाटतं, इतकं सरळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर तिने नवी पूड केली आणि गच्ची गाठली. सोसायटीतले लोक "मॅडम, लोणचं घातलंय काय?" म्हणून चिडवायचे आणि ती त्यांनाच उन्हात उभं करून समजावत बसायची. तपासणी डोंबिवलीतल्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या लॅबमध्ये व्हायची. दोनदा निकाल हवा तसा आला. उन्हातलं औषध जवळजवळ संपलं, काळ्या कापडातलं मात्र बरंचसं तसंच राहिलं. "तीनदा आल्याशिवाय मी खरं म्हणणार नाही," ती म्हणाली. तिसऱ्यांदा बाटल्या मांडल्या आणि तिला ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. हृदय थकलं होतं.

आणि मी शहाणीने काय करावं? गच्चीवर गेले, कापड धुळीने माखलेलं दिसलं, तर माया दाटून आली आणि ते धुवून दोरीवर वाळत घातलं! दिवसभर दोन्ही बाटल्या उन्हात. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा धावत जाऊन कापड पुन्हा गुंडाळलं. तिला सांगू नये असं फार वाटलं... पण तिच्यापुढे खोटं बोलायची मला कधीच सवय नव्हती. खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. तिने डोळे मिटले. मग हसली. "साबण लावलास?"

"लावला गं."

"वही काढ. लिही."

वही तिच्या पिशवीत होतीच. त्या वहीतली शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे : 'तिसरी वेळ. काळी बाटली दिवसभर उघडी राहिली. निकाल धरू नये.' त्याखाली, मी नको नको म्हणत असतानाही, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं : 'पुन्हा मांडावे. मांडणार : शुभा.'

मी मांडलंय. डोंबिवलीची विद्यार्थिनी रविवारी पाणी न्यायला येणार आहे. कापड मळलंय, पण मी ते धुवायला काढत नाही.