सोजरची पात

सोजरबाईच्या नवऱ्याचं कौतुक सांगाले कोणी आलं, का माझं डोस्कं फिरते. म्हणे, "महिपतनं बायकोले फुलासारखं ठेवलं!" ठेवलं ना. फुलासारखंच ठेवलं. फुलाले पाय असतात का?

आता मी महिपतचं वाईट सांगून राह्यली असं समजू नका. माणूस सोन्यासारखा. तोच तर घोळ हाये. तो वाईट असता तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाली असती.

आदिलाबादकडच्या तलमडुगु मंडलातलं आमचं गाव, कापूस-ज्वारीचं. माझं अन् सोजरचं घर एकाच भिंतीचं. मी शकुबाई, तिच्याहून वयानं मोठी, पण कापूस वेचाले गेलं का तिच्या मागंच. तिचे दोन्ही हात चालत अन् वरून तोंड बी चाले. वेचणीत प्रत्येक बाई एक पात धरते. पात म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, वावराच्या या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. जिची पात आधी सरली, ती बसत नाही. मागं राह्यलेल्या बाईच्या पातीत ती पलीकडच्या धुऱ्याकडून शिरते अन् वेचत वेचत तिच्यासमोर येते. दोघी भेटल्या का पात सरली. याले आमी सामोरं जाणं म्हणतो. सोजर दर साली माझ्या पातीत सामोरी येये, अन् दुरूनच वरडे, "काऊन वो शकुबाई, झाडाशी लगन लावून राह्यली का?" मी शिव्या हासडल्या का अजूनच हासे.

मंग एका दिवाळीच्या आधी तिचा एक डोळा धुरकट झाला. काही दिवसांनी आपोआप साफ झाला, आमी विसरून गेलो. पुढच्या साली पाय बधिर झाला. चप्पल पायातून निसटून जाये अन् तिले पत्ताच नसे. कोणी म्हणे लकवा, कोणी म्हणे बाहेरचं. महिपतनं कोणाचं ऐकलं नाही, सरळ नागपूरले नेलं. तिथं डोक्याचे फोटो काढले अन् रोगाचं नाव सांगतलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. माझ्या तोंडात ते काही बसलं नाही. त्यांची पोरगी दामिनी, तिनं मले समजावलं. "मावशी, नसांवरचं जे वेष्टण असते ना, ते आपलंच शरीर कुरतडते. वायरवरचं रबर उंदरानं खावं तसं. मंग डोक्याचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही." औषध सुरू झालं. रोग मुळातून जाणार नाही, पण हळू होईन, असं डॉक्टर म्हणाले. अन् व्यायाम सोडू नका, हे बी म्हणाले.

व्यायामासाठी आदिलाबादले एक डॉक्टरीण होती, प्रियदर्शनी. तेलुगू पोरगी, मराठी तुटकीफुटकी, पण समजे. मी बी सोबत गेली होती. तिनं सोजरले उठवलं, बसवलं, चालवलं, कुठं पाय अडखळते ते पाह्यलं. मंग म्हणे, "हिचा व्यायाम हिच्यापुरता. दुसऱ्याचा हिला चालत नाही." सकाळच्या गारव्यात खुर्चीवरून उठायचं, बसायचं. भिंतीले हात टेकवून टाचा उचलायच्या. दारापासून अंगणातल्या लिंबापर्यंत चालायचं, अन् थकायच्या आधीच बसायचं. मानेवर ओला दुपट्टा. "उन्हात नको, अम्मा. अंग तापलं की पाय जड होते, डोळ्याला अंधुक दिसते. घाबरू नको. गार व्हायचं, बसायचं, ताकद वापस येते." मंग महिपतकडं पाहून म्हणे, "हिला जे जमते, ते हिलाच करू द्या." निघता निघता सोजरचा हात धरून, "नेम्मदिगा, अम्मा, नेम्मदिगा." म्हणजे हळूहळू.

सोजरनं मनावर घेतलं. लिंबापर्यंत जाये, तिथं बसे, वापस येये. मंग लिंबाच्या पुढं. मंग एका सकाळी माझ्या दारात उभी! "चटणी दे वो, घरची सरली." चटणी कायची सरली, तिले मले चालून दाखवायचं होतं. मले इतका आनंद झाला का मी तिले दोन शिव्या दिल्या अन् पूर्ण बरणी दिली.

उन्हाळ्यात घात झाला. त्या दिवशी घरी पाव्हणे आले, सकाळचा व्यायाम राहून गेला. ही जिद्दीची, पाव्हणे गेल्यावर भर दुपारी अंगणात उतरली. लिंबापाशी पाय गेले, डोळ्यापुढं अंधार झाला अन् धाडकन पडली. महिपतनं उचलून घरात नेली. सोजरच सांगे, "घाबरू नका, मानेवर गार पाणी टाका, येईन ताकद." अन् आली बी. दिवस कलताना ती आपल्या पायानं उभी झाली.

पण महिपतचं भेव काही गेलं नाही. डॉक्टरणीनं हेच तर सांगतलं होतं, उन्हाचं! एक फोन करून विचारायचं होतं ना बाप्पा. नाही. त्याच्या डोक्यात एकच बसलं, व्यायामानं पडली. त्या दिवसापासून सारं बंद. अन् बंद म्हणजे कसं? पाण्याचा गिलास हातात. केस तोच विंचरून दे. बाजेवरून उचलून खुर्चीत, खुर्चीतून उचलून बाजेवर. तिनं जराक हात टेकवून उठायचा आटापिटा केला का हा धावत येये, "मी हाये ना!" आमी बाया पातीत सामोऱ्या जातो ते अर्ध्यावर भेटाले. हा तर तिची पुरी पातच वेचून मोकळा होये.

गावानं तर डोक्यावर घेतला त्याले. नवरा असावा तर असा! सासरी जाणाऱ्या पोरींले त्याचं उदाहरण देत. सोजर भांडली सुरुवातीले. "मले माझं करू द्या वो." तर याच्याच डोळ्यात पाणी. "अजून पडली तर मी काय करू?" रडणाऱ्या नवऱ्याशी कोणती बाई किती दिवस भांडन? हळूहळू तिनं हात टेकवणंच सोडलं. चिडवणं बी सोडलं.

मी एकडाव भिंतीवरून झाडलं त्याले. "महिपतभाऊ, बाई हाये का लोणच्याची बरणी? उचलून उचलून फडताळात ठेवून राह्यले!" तर शांतपणे म्हणे, "शकुबाई, ज्याचं जळते त्यालेच समजते."

वर्षं गेली. आदिलाबादले शिकाले राह्यलेली दामिनी एका सुट्टीत घरी आली अन् मायचे पाय चेपाले बसली. पाय लाकडासारखे. गुडघा पुरा सरळ होत नव्हता. दुसऱ्याच दिवशी पोरीनं आदिलाबादसाठी ऑटो आणला, मायले बसवलं. बाप मागून आला, मी बी बसली.

प्रियदर्शनी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं सोजरचे पाय एक एक करून हलवून पाह्यले, लय वेळ पाह्यले. महिपत कोपऱ्यात उभा. मंग त्यानं विचारलं, "म्याडम, हे रोगानं झालं, का..."

तिनं सोजरचा पाय अलगद खाली ठेवला. "थोडं रोगानं. थोडं बसून बसून. कोणाचं किती, ते आता कोणालाच नाही सांगता येत."

रोगानं झालं म्हटली असती तर महिपत देवाले दोष देऊन मोकळा झाला असता. तुमच्यानं झालं म्हटली असती तर पोटभर रडला असता. तिनं खरं सांगतलं, अन् ते खरं त्याच्या गळ्यात अडकलं. अजून बी अडकलेलंच हाये.

व्यायाम पुन्हा सुरू झाला, पण आताच्या सोजरपुरता. बाजेवर बसून पाय ताणायचे. वॉकर धरून उभं राह्यचं, थकायच्या आधी बसायचं. महिपत समोर बसे, दोन्ही हात मांड्याखाली दाबून. ती डुगडुगली का याचे खांदे हालत, पण हात बाहेर काढत नसे. ते पाहवत नव्हतं मले.

सोजरनं एकच मागणं ठेवलं. "यंदा सीतादही मी करीन. माझ्या पायानं." सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीच्या दिवशी घरची बाई दहीभात घेऊन वावरात जाते, झाडाची पूजा करते अन् पहिलं बोंड आपल्या हातानं वेचते. मंगच वेचणी सुरू होते. इतके साल तिच्या वावरात तिच्या नावानं ते मीच करून राह्यली होती, अन् घरी येऊन तिच्या नजरेले नजर देत नव्हती.

यंदा थंडी लवकर पडली, ते बरं झालं. सकाळच्या गारव्यात बैलगाडी धुऱ्यापर्यंत नेली. सोजर वॉकर धरून उतरली. मानेवर ओला दुपट्टा. मागं महिपत खुर्ची घेऊन, दामिनी दहीभात घेऊन. एक पाय, मंग थांबणं, मंग दुसरा पाय. आमी साऱ्या बाया धुऱ्यावर उभ्या. ती पहिल्या झाडापाशी पोचली, दही शिंपडलं अन् बोंड वेचलं. मी तर रडलीच. मंग ती खुर्चीत बसली अन् जुन्या आवाजात म्हणे, "ही पात माझी. कोणी सामोरं येऊ नका."

आमी आपापल्या पाती धरल्या. ती बसल्या बसल्या हात पुरन तेवढं वेचे. मंग उठून दोन पावलं टाके, महिपत खुर्ची पुढं सरकवे. वेचाले मात्र त्यानं हात लावला नाही.

माझी पात सरली, मी पलीकडच्या धुऱ्यावर पोचली. सवयीनं सोजरच्या पातीत शिराले वाकली, तर तिचं बोलणं आठवलं. मंग तशीच कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. तिच्या पातीत इकडून तिकडं पांढरा कापूस तसाच लोंबत होता, अन् ती अजून सुरुवातीलेच होती. येवढ्यात महिपतनं हात उचलून माझ्याकडं केला. मले वाटलं, बोलावून राह्यला. पडली का काय! मी तिच्याच पातीतून पळत निघाली.

जाऊन पाहते तर सोजर खुर्चीत ठीक बसलेली, ओटीत मूठ-दोन मूठ कापूस. महिपत मातीत बसलेला, गुडघ्यात तोंड घालून. खांदे हालत होते.

"काय झालं वं माय? काऊन बोलावलं मले?"

"तुले नाही बोलावलं," सोजर म्हणाली. तिचा आवाज लय बारीक झाला होता. "म्या सहज विचारलं वो शकुबाई, खरंच सहज. म्हटलं, तवाच व्यायाम सोडला नसता, तर आज मी या पातीत कुठवर पोचली असती? तर यांनी हात केला. तू उभी होती, तिथं."