जिंकणाऱ्याच्या हाती ओगराळं

इझिडोर नातोमागनने जन्मभर दोनच गोष्टी राखल्या. तरुणपणी बर्फावरच्या हॉकीचा गोल, आणि म्हातारपणी मैदानालगतच्या स्वयंपाकघरातलं पातेलं. "गोलात चकती शिरू द्यायची नाही आणि पातेल्यात बर्निस," असं तो म्हणायचा. बर्निस त्याची मेव्हणी. ती कांदा चिरता चिरता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि कॅनडातल्या तळ्याकाठची ती सगळी क्री आदिवासींची वस्ती ऐकून हसायची.

वस्तीतला एक नियम मात्र त्याने हसण्यावारी कधी नेऊ दिला नाही. सामना संपला की जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना वाढायचं. ते जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. म्हणून तिथली पोरं एकमेकांना चिडवायची तीही अशी, "आज तुम्हीच आधी जेवा रे!"

त्या शनिवारी सकाळी त्याची नात टॅनिस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तीही गोल राखायची.

"मुशुम, आज मी त्या शहरवाल्यांना वाढणार नाही." क्रीत आजोबाला मुशुम म्हणतात.

"आधी जिंक तरी."

"जिंकले तर नाहीच वाढणार. आणि तू वाढ म्हणालास तर गोलात उभीच राहणार नाही."

इझिडोरचा हात पातेल्यात थांबला. गेल्या आठवड्यात शहरातल्या मैदानावर काय झालं ते त्याला ठाऊक होतं. प्रेक्षकांतली मोठी माणसं आदिवासींची टिंगल म्हणून तोंडावर हात आपटून 'ऊ-ऊ-ऊ' करत होती. लाल टोपीवाला एक बाप तर सगळा वेळ ओरडत होता, "जा तुमच्या तंबूत!" त्याचीच मुलगी आज समोरच्या संघात खेळणार होती.

"बरोबर बोलतेय पोर," बर्निस म्हणाली. "आणि वाढायचंच असेल तर मीठ तरी टाकू नकोस."

"तू गप गं." मग तो नातीकडे वळला. "बस इथे."

"बसणार नाही."

"मग उभ्याने ऐक. पाद्र्यांच्या मिशन शाळेतून आम्हाला खेळायला शहरात न्यायचे."

त्या शाळेबद्दल मुशुम सहसा बोलत नसे. पोरांना आईबापांपासून ओढून तिथे कोंडायचे, केस कापायचे, क्री बोललं की पट्ट्याने फोडायचे. तिथून सगळी पोरं घरी आली नव्हती.

"एकदा आम्ही जिंकलो. ते आम्हाला काय काय म्हणाले, ते सांगत नाही. नंतर त्यांची पोरं आत जेवायला बसली, आणि आम्ही बाहेर, उघड्या ट्रकमध्ये. खिडकीतून तळलेल्या कांद्याचा वास यायचा. शिव्या विसरलो गं मी. कांदा नाही विसरलो."

"म्हणून त्यांनाच खाऊ घालायचं?"

"त्यांच्यासाठी नाही. आपल्या मैदानातून कोणी उपाशी गेलं, तर त्या शाळेने मला तिचंच वळण लावलं असं होईल. तेवढं तिला जिंकू द्यायचं नाहीये मला."

टॅनिस निघून गेली. गोलात उभी राहील की नाही, ते त्यालाही कळेना. काळजीत त्याने पातेलं उगाच दहादा ढवळलं.

ती उभी राहिली. नुसती उभी राहिली नाही, भिंत झाली. इझिडोर झाकणी हातात घेऊन काचेला नाक लावून होता, आणि वस्ती जिंकली तेव्हा त्याने झाकणी अशी बडवली की बर्निसने कानांत बोटं घातली.

जेवणघरात शहरातल्या मुली भिंतीला चिकटून बसल्या होत्या. टॅनिस आली. ओगराळ्याकडे पाहिलं. मग ते उचललं.

"घ्या. आज तुम्हीच आधी जेवा."

वस्तीची पोरं खिदळली. लाल टोपीवाल्याची मुलगी मान खाली घालून म्हणाली, "माझे बाबा गाडीत बसलेत. आत येत नाहीत."

खिडकीबाहेर गाडीचं इंजिन घुरघुरत होतं. टॅनिसने गाडीकडे पाहिलं, मग मुशुमकडे. तो बॅनक नावाची जाड भाकरी मोडत होता, मुद्दामच मान वर न करता. तिने एक वाडगा भरला, वर भाकरीचा तुकडा ठेवला आणि ओगराळं हातात तसंच धरून बाहेर पडली.

सगळ्यांनी खिडक्या गाठल्या. टॅनिसने ओगराळ्याने गाडीच्या काचेवर ठकठक केलं. काच खाली यायला बराच वेळ लागला.

ती परत आली तेव्हा वाडगा हातात नव्हता.

"घेतला?" बर्निसने विचारलं.

"घेतला."

"काही म्हणाला? माफी वगैरे?"

"छे! 'मीठ नाही' म्हणाला."

इझिडोरने घाईने पळीभर कालवण तोंडात टाकलं. थबकला. मग बर्निसकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तूच विसरलास, म्हाताऱ्या!"

जेवणघर हसून हसून लोळलं. शहरातल्या मुलीसुद्धा हसल्या. टॅनिसने मिठाची बरणी उचलली आणि पुन्हा दाराकडे निघाली.

"आता कुठे?" इझिडोरने विचारलं.

"वाढायला घेतलंय ना? मग नीट वाढू दे."