वाघजाईपुढचं चालू इंजिन

चढ चढून गाडी थांबली, की माझी वहिनी किल्लीला हात लावायची नाही. दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा सोडायची, केस झटकायची, पुन्हा पीळ घालून घट्ट बांधायची आणि दातांत धरलेला आकडा खोचून झाला, की मग इंजिन बंद करायची. मागे बसलेली एखादी म्हातारी हमखास बोलायची, "अगो, घरी जाऊन नट की!" वहिनी आरशात बघून म्हणायची, "मी नाय नटत, आज्ये. तो धापा टाकतोय. तुला चढून आल्यावर टेकायला लागतं ना? मग त्याला नको?"

'तो' म्हणजे जीपचं इंजिन. आमचं गाव कुडपण, पोलादपूरच्या डोंगरावर. माझा थोरला भाऊ मुंबईत गॅरेजात कामाला होता. त्याने जुनी टर्बो डिझेल जीप गावी आणली, सुट्टीला येऊन येऊन वहिनीला शिकवली आणि एका काविळीत तो गेला. मग वाड्यावाड्यांवरचं दूध गोळा करून पोलादपूरला पोचवायचं काम तिने धरलं. येताना माणसं आणायची. स्वभावाने ती गरीब वगैरे अजिबात नव्हती. "बाईच्या हातात घाट म्हणजे काय खरं नाय," असं म्हणणाऱ्या एकाला तिने अर्ध्या चढात उतरवलं होतं. "आता पुरुषाच्या पायांनी चाला," म्हणाली आणि खरंच निघून गेली.

ती गाडी कानाने चालवायची. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो हवा आत कोंबतो आणि गाडीला ताकद येते. तो फिरू लागला की बारीक शिट्टी वाजते. वहिनीचे गिअर त्या शिट्टीवर पडायचे. "शिट्टी धरू दे, मग पाय दाबा. चिरकायच्या आधी वरचा टाका." चढ समोर दिसला, की ती आधीच गिअर उतरवून ठेवायची. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत चढायला लागलं तर तिला सहन होत नसे. "कुथवू नका हो त्याला, भावजी! बाळंतीण हाय काय तो?" सकाळी गार इंजिन चालू करून कोणी रेस केली, तर ती घरातून ओरडायची, "झोपेतून उठवून कोणाला पळवतात काय रे?"

या सगळ्यात गावाला तिची एकच गोष्ट खटकायची. मोठा चढ संपतो तिथे वळणावर वाघजाईचं ठाणं आहे. वर येणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. चालक इंजिन बंद करतो, सगळे हात जोडतात. देवीसमोर घरघर करत उभं राहायचं नाही, अशी रीत. वहिनी थांबायची, हात जोडायची, पण इंजिन चालूच. "आईला समजतं," एवढंच म्हणायची.

एका वर्षी ती गोठ्यात घसरली आणि उजवा हात मोडला. महाडला मी ज्या कारखान्यात होतो, तो तेव्हा बंद पडला होता. मी आणि बायको गावी घरीच होतो, म्हणून दूध मी न्यायला लागलो. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती पहिल्या दिवशी गाडीच्या दारापर्यंत आली. "बाकी काय विसरलात तरी चालेल. वाघजाईपाशी बंद करू नका. तो पंखा लाल झालेला असतो. इंजिन बंद केलं की त्याचं तेल थांबतं आणि आतल्या आत जळतं." मी मान हलवली.

पहिल्याच फेरीत वाघजाईपाशी मागून आवाज आला, "तू तरी बंद कर रे, बाबा. ती काय ऐकत नाय." मी किल्ली फिरवली. मला बरं वाटलं, हेही खरं लिहितो. सगळे हात जोडून उभे, डोंगर एकदम शांत, आणि ती शांतता मी दिली होती. मग मी रोजच बंद करू लागलो.

प्लास्टर निघाल्यावर हातात जोर नव्हता, म्हणून ती शेजारी बसून यायला लागली. ती असताना मी इंजिन चालू ठेवायचो. एकदा चढात तिने मान कलती करून बराच वेळ कान दिला. शिट्टीत खरखर होती. मागे निळसर धूर होता.

"भावजी, मी नव्हते तेव्हा देवीपाशी चालूच ठेवत होतात ना?"

"हो," मी म्हणालो.

ती काचेतून बाहेर बघत राहिली.

नंतर थोड्याच दिवसांनी सकाळी आई चुलीपुढे कलंडली. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. वहिनीने तिला मागच्या सीटवर मांडीवर घेतलं. मी गार इंजिन चालू केलं आणि घाबरून पाय पूर्ण दाबला. गावाबाहेरच्या चढणीवर गिअर उतरवायचा राहून गेला. इंजिन कुथायला लागलं, तसा मी आणखी दाबला. पंख्याच्या बाजूने खाडकन आवाज आला, मागचा रस्ता धुराने भरला आणि इंजिन आपोआप किंचाळू लागलं. मी पाय काढला, तरी आवाज चढतच होता. क्लच आणि ब्रेक दाबून किल्ली काढली. किल्ली माझ्या हातात होती आणि इंजिन थांबत नव्हतं. स्वतःचंच तेल पिऊन ते पळत होतं. डाव्या हाताला दरी होती.

"पाचवा गिअर टाका!" वहिनी मागून ओरडली. "ब्रेकवर उभे राहा! आता क्लच सोडा!"

मला सुचेना.

"क्लच सोड रे, मेल्या!"

सोडला. गाडीने मोठा हिसका दिला आणि इंजिन गुदमरून मेलं. त्या शांततेत आईच्या घशातली घरघर तेवढी ऐकू येत होती.

गाडी पुन्हा सुरू होणार नव्हती. वाडीतली माणसं धावत आली. घोंगडीची डोली करून आम्ही आईला खांद्यावर उतरवत नेलं. खाली कापडे गावाच्या अलीकडे टेम्पो मिळाला. महाडला डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." आई वाचली, पण तिची उजवी बाजू आणि बोलणं परत आलं नाही.

गावात एकच बोलणं झालं. देवीसमोर मुजोरी केली, तिला भोगावं लागलं. 'तिला' म्हणजे वहिनीला. लोकांनी दूध दुसऱ्या गाडीला दिलं. जीप अंगणात उभी राहिली, तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. वहिनी आईचं सगळं करत राहिली आणि मी कोणासमोरच तोंड उघडलं नाही.

आई गेली त्या वर्षी एका दुपारी मी वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मला ठाऊक होतं, भावजी. शिट्टीनं सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते, तुमी सांगाल म्हणून. त्याच दिवशी गाडी महाडला मिस्त्रीकडे टाकली असती तर..." तिने सूप बाजूला ठेवलं. "माझा हट्ट नडला. आईंना दोघांनी मिळून उशीर केला."

तिने मला एकट्याला दोष दिला असता, तर मी तो घेऊन कसाही जगलो असतो. तिने अर्धा उचलला, ते मला झेपलं नाही. गावात सांगतो, असंही मी तेव्हा म्हणालो. "सांगा की," ती म्हणाली. मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी वहिनी महाडच्या दवाखान्यात तापाने गेली. तिचा देह घेऊन रुग्णवाहिका घाट चढली. मी आणि माझी बायको आत होतो, मागे गावच्या दोन गाड्या. वाघजाईच्या वळणावर सगळे थांबले, उतरले. रुग्णवाहिका चालवणाऱ्या मुलाचा हात किल्लीकडे गेला.

"बंद करू नको," मी म्हणालो.

"अरे, देवीसमोर?" मागून कोणीतरी म्हणालं. "आज तरी!"

मी वळलो. "जीप वहिनीमुळे नाय गेली. ती नव्हती तेव्हा मी इथं रोज बंद करत होतो, म्हणून गेली. आणि आईला उशीर झाला, तो माझ्यामुळं."

इंजिन चालू होतं. माझ्या बायकोने हात मागे नेले, आपला अंबाडा सोडला, केस झटकले आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतला. आम्ही सगळे तिच्या हातांकडे बघत उभे होतो. आकडा खोचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"आता कर बंद," मी त्या मुलाला म्हणालो.