वायर काढली का?

आमच्या जिन्यातल्या एका शेजाऱ्याला सगळे बॅटरीमास्तर म्हणतात. वाद्यांची वायरिंग दुरुस्त करतो आणि वर गिऱ्हाइकाला फुकटचं व्याख्यान देतो. "साध्या बेस गिटारचा आवाज थेट स्पीकरला जातो. ॲक्टिव्ह म्हणजे पोटात सर्किट आणि चौकोनी बॅटरी. वायर खोचली की सर्किट चालू. मग वाजवा नाहीतर भिंतीला टेकवून ठेवा, बॅटरी संपतच राहणार. वायर काढा!" तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना हे पाठ.

धाकट्या बहिणीचा साधा बेस त्यानेच हौसेने ॲक्टिव्ह केला. ती पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी गेली, तेव्हा आपली करामत ऐकायला स्वारीने तो दुपारभर बडवला. तेवढ्यात दाराशी कुणी हाक मारली, आणि वायर राहिली ती राहिलीच. बहीण परतायच्या सकाळी त्याला ती खोचलेली वायर दिसली. दोन सूर छेडले. बेस वाजत होता, मग वायर गुपचूप उपटली. घरात नवी बॅटरी नव्हती. 'निघेल आजचा दिवस,' म्हणत त्याने वेळ मारून नेली.

त्याच संध्याकाळी वाद्यवृंदात तिची निवडचाचणी होती. दुसऱ्या गाण्यात आवाज फाटला, तिसऱ्यात बेस गपगार. जागा दुसऱ्याला गेली.

घरी आली ती मान खाली घालून. "दादा, जायच्या आधी कधीतरी वायर मीच काढायची विसरले असणार. तू घसा फोडून सांगत होतास."

"होतं असं," एवढंच तो म्हणाला.

आठवडाभर जिन्यात व्याख्यान नाही! आम्हाला वाटलं, मास्तरांचा घसा बसला. तो आत बेसला एक छोटं बटण बसवत होता.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"बॅटरी मेली तर हे दाबायचं. साध्या बेससारखा वाजेल."

"म्हणजे माझ्या वेंधळेपणावर इलाज!" ती हसली. त्या हसण्यानेच त्याचा धीर सुटला.

"तुझ्या नाही गं. माझ्या." आणि वायर राहिली त्या दुपारपासून ती परतली त्या सकाळपर्यंतचं सगळं त्याने ओकून टाकलं.

तिने बटण एकदा वरखाली केलं.

"सकाळीच माहीत होतं तुला?"

"हो."

तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "वाद्यवृंदाच्या सरांना लाव. जागा नाही मिळाली तरी चालेल. पण वेंधळा कोण, ते त्यांना तुझ्या तोंडून कळू दे."

त्याने नंबर लावला. एरवी तिसऱ्या मजल्यावर पोचणारा तो आवाज, त्या दिवशी आम्हाला दाराला कान लावूनही नीट ऐकू आला नाही.