जुन्या बॅचवरचं बिल

मेडिकल दुकानांमधली बिलिंगचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. कोठी, सुलतान बाजार हा माझा इलाखा. दुकानदार फोनवर "चलता नहीं है" एवढंच सांगतात. काय चालत नाही, ते मी तिथं जाऊन शोधायचं. बहुतेक वेळा प्रिंटरची वायर निघालेली असते. अशा वेळी मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घालते.

सुलतान बाजारातल्या एका दुकानात मात्र मी आनंदानं जायचे. मालकांचं घराणं मूळचं नांदेडकडचं. मी त्यांना काका म्हणते, ते मला पोरी म्हणतात. विद्यानगरहून ऊन खात आले म्हणून आधी चहा, मग तक्रार. त्या दुपारची तक्रार अशी की लहान मुलांचं तापाचं सिरप फळीवर आहे, पण कॉम्प्युटर त्याचं बिल करू देत नाही. कारण साधं होतं. सकाळी आलेल्या बारा बाटल्यांची नोंदच काकांनी केली नव्हती. नोंद नाही, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी माल नाही.

मी नोंद करायला बसले तर प्रोग्राम नव्या मालापाशी अडकला, जुन्या मालाची बिलं तेवढी निघत होती. काउंटरवर गर्दी. त्यात एक बाई होती, खांद्यावर तीनेक वर्षांची मुलगी, तापानं मलूल झालेली. बाई दोनदा तेलुगूत म्हणाली, "बिल्लु वद्दु, मंदु इव्वंडी." बिल नको, औषध द्या. काका बाटली देऊनच टाकत होते, मीच अडवलं. बिलाशिवाय काही द्यायचं नाही, हा धडा त्यांना मीच मोठ्या तोऱ्यात शिकवला होता. कॉम्प्युटरमध्ये जुन्या बॅचची एक बाटली उगाचच शिल्लक दिसत होती, फळीवर ती नव्हती.

"जुनी बॅच टाका, बिल निघेल," मी म्हणाले.

सगळेच असं करतात. माल नव्या बॅचचा, बिल जुनीवर, आणि साठा मागाहून जुळवून घ्यायचा. नाव आणि फोनच्या रकान्यात मी घाईनं 'कॅश' टाकलं. बिल निघालं. बाईनं बाटली घेतली, बिल तिथंच ठेवलं आणि गेली. तिच्या खांद्यावरून मुलगी माझ्याकडे बघत होती. मग मी प्रोग्राम सुरळीत केला, बाराच्या बारा बाटल्यांची नोंद केली आणि पुढच्या दुकानात गेले.

तीन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. त्या नव्या बॅचमध्ये दोष आहे, विक्री थांबवा, विकलेल्या बाटल्या परत घ्या. दोष कसला, ते लिहिलं नव्हतं. काकांनी मला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरनं सात गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर क्षणात दिले. काकांनी सातही घरी फोन केले, सातही बाटल्या परत आल्या. कॉम्प्युटर म्हणत होता की पाच फळीवर आहेत. फळीवर चारच होत्या.

पाचवी त्या बाईनं नेली होती, जुन्या बॅचच्या बिलावर.

"हौ, बॅच चुकली, ते जाऊ दे," काका म्हणाले. "पण ती बाटली गेली कुणाकडं, ते यातून काढ की पोरी."

कसं काढणार? त्यात मी 'कॅश' घातलं होतं, ते 'कॅश'च सांगत होतं. ते सिरप परत आणा, असं काकांनी पुठ्ठ्यावर तेलुगू आणि उर्दूत लिहून काउंटरवर लावलं. चार बायका भलत्याच बाटल्या घेऊन आल्या. मी कोठीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यांमधून फिरले. सगळीकडे आधी मलाच पेशंटचं नाव विचारायचे. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं की मुलीला ताप होता.

महिन्याभरानं पुठ्ठा निघाला. कॉम्प्युटर मात्र कमी पडलेल्या बाटलीचं कारण मागतच होता. त्यातल्या यादीत तीनच कारणं होती: फुटली, मुदत संपली, परत केली. काकांना खोटं लिहायचं नव्हतं. मी 'फुटली' निवडलं. कॉम्प्युटरची कुरकुर थांबली.

माझी थांबली नाही. झपाटणं म्हणतात ते हेच असेल. कुठल्याही काउंटरवर एखादी आई मूल घेऊन उभी राहिली की मी कामातून मान वर करते आणि चेहरा बघते. दोष किरकोळ असेल, असं मी स्वतःला समजावते. नवराही तेच समजावतो. पण किरकोळ दोषासाठी कुणी एवढं पत्र धाडतं का, हा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही. मी त्या मुलीला काहीतरी केलंय, असं मला वाटतं, आणि काय केलंय ते मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात कोठीच्या बसस्टॉपवर ती बाई दिसली. तीच, शंकाच नको. एकटी होती, हातात भाजीची पिशवी. मी रस्ता ओलांडून तिच्यापर्यंत गेले. प्रश्न तोंडपाठ होता, कित्येक दिवस घोकलेला. "पाप बागुंदा?" मुलगी बरी आहे का? दोनच शब्द. तिनं मला ओळखलं नाही. मी काहीतरी विचारणार हे बघून ती थांबली.

मी विचारलं, विद्यानगरची बस इथंच लागते का.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि नीट समजेल असं हातानं दाखवत सांगितलं, इथं नाही, पुढच्या कोपऱ्यावर. मला बसनं जायचंच नव्हतं. तरी ती बघत होती म्हणून मी त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले.